एक मोटर, सतरा मुंडकी

मंडळी, एकाच मोटरला ड्रिल, जिगसॉ, सँडर अशी मुंडकी बदलून लावायची, की झालं अख्खं वर्कशॉप! ब्लॅक अँड डेकरचं मॅट्रिक्स याच जातीचं. ऐकायला झकास, पण माझ्या मते पैसे पाण्यात.

मुळात कामंच वेगळी. साधं ड्रिल मिनिटाला फार तर ३००० फेरे मारतं, भोक पाडायला तेवढे पुरतात, जोर महत्त्वाचा. ४ इंची ग्राइंडरला १०,००० च्या वर लागतात. जिगसॉला तर गोल फिरणं नकोच, पातं वर-खाली हवं. म्हणजे मुंडक्यागणिक वेगळे गिअर आले, वजन आलं, किंमत आली. वाचलं काय, तर फक्त मोटर! त्यात जोड जरा ढिला झाला की पातं थरथरणार.

आणि भिंतीवर एक फळी लावून बघा. भोक, मग स्क्रू, मग जरा घासणं, परत भोक. दर वेळी मुंडकं बदला! सुतार दोन-दोन ड्रिल जवळ बाळगतो, तो काय वेडा आहे? शिवाय मोटर जळली की सगळी अवजारं एकदम आडवी. (आमच्या धंद्यात असलं डिझाइन रिव्ह्यूतच मार खातं.)

शॉपस्मिथचा दाखला हटकून दिला जातो. मान्य. हान्स गोल्डश्मिटचं १९४० च्या दशकातलं ते यंत्र सॉ, लेथ, ड्रिल प्रेस सगळं करतं. पण ते गॅरेजात एका जागी उभं असतं, हातात धरायचं नसतं.

सामाईक करायचीच तर बॅटरी करा की! १८ व्होल्टची बॅटरी एक, अवजारं स्वतंत्र. मग एकाच कंपनीला बांधून घ्यावं लागतं, ही कटकट आहेच. असो. आधी एक चांगलं ड्रिल घ्या. जिगसॉचं लागेल तेव्हा बघू.