फर्माईश कुणाची?



गेल्या उन्हाळ्यात जिंतूर तालुक्यात मुलींचं निवासी शिबिर घेतलं. रात्री जेवणं झाल्यावर कुणीतरी मोबाइलवर ‘झिंगाट’ लावलं आणि ३० मुली अंगणात नाचू लागल्या. मी जाऊन ते बंद केलं. आपण चळवळीची गाणी म्हणू या, असं सांगितलं. एक मुलगी म्हणाली, “ताई, घरी बी बंद कर म्हणतेत. इथं बी बंदच?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरं तर मी स्वतः गाणीवेडी. हे वेड आईकडून आलं. तिच्या माहेरी बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ लागे. १९५२ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात अमीन सयानी लोकप्रिय गाणी एकेक पायदान चढत ऐकवत. रेडिओ पुरुषांच्या बैठकीत आणि आई चुलीपुढे. आवडतं गाणं लागलं तरी आवाज वाढवा म्हणायची सोय नव्हती. फर्माईशीचं पत्र तिने एकदाच धाडलं, तेही मामाच्या नावाने.

गाण्यांचा तो क्रम तबकड्यांची विक्री आणि श्रोता संघांची पसंती यांवरून ठरे. तबकडीला पैसे लागतात, संघात जायला मोकळी संध्याकाळ लागते. दोन्ही आईकडे नव्हतं. आज यूट्यूबवर गाणं किती वेळा पाहिलं ते मोजतात. पण आमच्या बचत गटातल्या कितीतरी घरांत स्मार्टफोन एकच, आणि तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात. मग या मोजणीत तिची आवड कुठून येणार?

बाई गात नव्हती असं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरच्या बायकांकडून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. जात्यावर गायला कुणी हरकत घेतली नाही, कारण हात कामात होते. काम नसताना गाणं, नुसत्या मौजेसाठी नाचणं, इथेच घराच्या भुवया उंचावतात.

आणि आपल्याही. १९९३ साली ‘खलनायक’मधल्या गाण्यावरून देशभर वाद झाला. बाईचं शरीर विकणाऱ्या गाण्यांना आपला विरोध आहे, तो राहीलच. पण तो विरोध गाणं करणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना हवा. मी मात्र नाचणाऱ्या पोरींनाच गप्प केलं. घरातला बाप वेगळं काय करतो?

दुसऱ्या रात्री मुलींनी तेच गाणं लावलं. मीही नाचले. मग अंगणातच ‘सैराट’वर बोलणं निघालं. २०१६ सालच्या या सिनेमाचा शेवट जातीच्या प्रतिष्ठेपायी केलेल्या खुनात होतो. मुली उशिरापर्यंत बोलत होत्या. लग्नाबद्दल, भावांबद्दल, हातातून हिसकावलेल्या फोनबद्दल. माझ्या व्याख्यानाने ही तोंडं उघडली नव्हती.

म्हणून एक विनंती. पुढच्या बैठकीत प्रत्येकीला विचारा: तुझं आवडतं गाणं कोणतं? हातातलं काम बाजूला ठेवून ते पुरतं कधी ऐकलंस? उत्तरं लिहून आमच्याकडे पाठवा. फर्माईश स्वतःच्या नावाने करा.