बाहुलीवर दोनदा

शेजारची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा आली की माझ्यासमोर पाठांतर म्हणून दाखवते. निवृत्त मास्तराचा तेवढाच उपयोग उरला आहे! परवा तिने सीपीआर घडाघडा म्हटला. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर दबली पाहिजे, ३० दाबांमागे २ श्वास. एक चूक नाही.

"हाताने किती वेळा केलंस?" मी विचारलं.

"बाहुलीवर दोनदा, गुरुजी. मुली चाळीस, बाहुली एक."

श्वास द्यायची पिशवी, अंबू बॅग, तिने नुसती लांबून पाहिली होती. मला जास्त टोचलं ते हे. आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर माणसं जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात. पावसाळ्यात रात्री मण्यार चावते. सूज नाही, फारशी वेदना नाही. मग पोट दुखतं, पापण्या मिटू लागतात आणि श्वास मंदावत थांबतो. हृदय मात्र तेव्हा चालू असतं. माणूस मेल्यासारखा दिसतो, पण कधी कधी त्याला सगळं ऐकूही येत असतं. सापाचं इंजेक्शन दिलं तरी मण्यारीचा लकवा लगेच सुटत नाही. तोवर श्वास दुसऱ्या कुणीतरी पुरवायचा. शहापूरहून ठाणं पन्नासेक किलोमीटर, माळशेजच्या पायथ्याकडून त्याहून लांब. त्या सगळ्या वाटेवर दर ६ सेकंदांनी पिशवी दाबणारा हात हवा. मास्क चेहऱ्यावर नीट बसला नाही तर हवा कडेने निघून जाते, आणि तो बसवणं पुस्तकातून येत नाही.

खेड्यात हे कसं जमणार, असं कुणी म्हणू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या, फार न शिकलेल्या बायकांना न रडणाऱ्या नवजात बाळाला श्वास द्यायला शिकवलं. घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या त्यांच्या कामावरचा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. मग आपल्या शिकलेल्या मुलींना का नाही?

माझं म्हणणं, दर तीन महिन्यांनी प्रत्येकीकडून करून घ्या. उन्हाळ्याच्या सुटीत मुलं पाढे विसरतात, तसे हातही विसरतात. आणि गुण द्यायचे ते हाताला द्या.

रविवारपासून ती माझ्या ओट्यावर उशीवर दाब देते, मी मोजतो. दोन मिनिटांत तिचे दंड भरून आले. पिशवी कुठून आणायची, ते अजून ठरलेलं नाही.