धर्माचे तेज आणि राजाश्रय

ज्येष्ठ वद्यात देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी यवत, वरवंड, उंडवडी असे मुक्काम करीत बारामतीस येते आणि काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी या वाटेने इंदापुरास पोहोचते. काटेवाडीस पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीस व इंदापुरास अश्व धावतो. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 साली आरंभिलेला हा सोहळा आमच्या दोन्ही तालुक्यांतील घरांस नव्याने सांगावयास नको. परंतु अलीकडे या वाटेवर आणखी एक वस्तू डोळ्यांत भरते. ती म्हणजे स्वागताचे फलक. फलकावर विठोबा अंगठ्याएवढा असतो आणि स्वागतोत्सुक पुढाऱ्याची मुद्रा पुरुषभर उंच असते. निवडणूक जवळ आली की हे फलक अधिक दाट होतात.

पालखीच्या मुक्कामाच्या रात्री बारामतीच्या एका स्नेह्यांकडे पंगत उठल्यावर सोप्यात हाच विषय निघाला. त्यांचा अमेरिकेत नोकरीस असलेला नातू रजेवर आला होता. तो म्हणाला, "आजोबा, तिकडेही हेच चालले आहे. विठोबाच्या जागी येशूचे नाव असते, एवढाच फरक."

आजोबांनी विचारले, "मग तिथली माणसे देवळात जातात, की सभेस?"

"कित्येकदा ते सांगता येत नाही, आजोबा," नातवाने उत्तर दिले.

हे उत्तर आमच्या मनात घोळत राहिले, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेच्या संविधानात 1791 साली जी पहिली दुरुस्ती झाली, तिने राष्ट्रास अधिकृत धर्म देण्याची कायदेमंडळास मनाई केली आणि त्याबरोबरच प्रत्येकास आपापल्या धर्माचरणाची मोकळीक दिली. तिकडील धर्मपंथ त्यानंतर दुर्बळ होतील, असे कोणासही वाटले असते. झाले उलटच. सरकारच्या तिजोरीचा आधार नसल्याने प्रत्येक पंथास आपल्या अनुयायांच्या श्रद्धेवर आणि वर्गणीवर जगणे भाग पडले, आणि त्यातूनच शाळा, रुग्णालये, अनाथगृहे यांचे जाळे त्या देशात उभे राहिले.

हा चमत्कार एका मराठी विदुषीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई 1886 साली फिलाडेल्फियास गेल्या, 1888 पर्यंत त्या देशात हिंडल्या, आणि 1889 साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. तिथल्या धर्मपंथांची धर्मादाय कार्ये आणि मद्यपानाविरुद्ध संघटित झालेल्या स्त्रिया पाहून त्या हरखल्या. मात्र कृष्णवर्णीयांविषयीचा तिथला तिटकारा त्यांच्या नजरेतून सुटला नाही. स्वतः ख्रिस्ती झालेल्या असूनही त्यांनी ख्रिस्ती राष्ट्राचे दोष झाकले नाहीत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आमच्या समाजाचा आणि रमाबाईंचा संबंध सरळ राहिला नाही. शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाप पडते या कारणाने 1893 साली पुण्यातील सल्लागारांनी अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली परत नेल्या. ती भीती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु 1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतातील उपाशी बायामुलींस कोणी आणून जगविले, असे विचारले तर केडगावच्या मुक्तिसदनाचेच नाव घ्यावे लागते. यवत आणि वरवंड यांच्या दरम्यान पालखी याच केडगावच्या जवळून पुढे सरकते. आणखी एक गोष्ट आमच्या घरांतून क्वचितच सांगितली जाते. 1897 साली पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची जी आबाळ होत होती, ती रमाबाईंनी 'बाँबे गार्डियन' पत्रातून चव्हाट्यावर मांडली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ती तक्रार नाकारली आणि प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे. तरीही त्यांचे दोष या बाईंनी त्यांच्या तोंडावर सांगितले. आमच्या मते धर्माच्या तेजाची खरी कसोटी हीच होय.

हीच कसोटी अमेरिकेस लावून पाहू. गुलामांचे मालक धर्मप्रचारक होऊ शकतात की नाही, या वादावरून 1845 साली दक्षिणेतील बॅप्टिस्टांनी वेगळी चूल मांडली, आणि ती मालकांच्या बाजूने. या पापाची जाहीर क्षमा मागावयास त्या पंथास 1995 साल उजाडावे लागले. त्याच बॅप्टिस्ट परंपरेतील कृष्णवर्णीय धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1955 पासून वर्णभेदाविरुद्ध अहिंसक लढा चालविला. 1963 साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी जे प्रसिद्ध पत्र लिहिले, ते लढ्याची घाई नको असे सांगणाऱ्या गौरवर्णीय धर्मगुरूंस उद्देशून होते. एकाच धर्मग्रंथाच्या आधारे एकाने साखळी घट्ट केली आणि दुसऱ्याने ती तोडावयास घेतली.

दुसरे उदाहरण बिली ग्रॅहॅम यांचे. लाखोंच्या सभा गाजविणाऱ्या या धर्मोपदेशकाचा अध्यक्ष निक्सन यांच्याशी घरोबा होता. वॉटरगेट प्रकरणात 1974 साली निक्सन पायउतार झाले. आपण राजकारणाच्या फार जवळ गेलो, ही खंत ग्रॅहॅम यांनी वृद्धापकाळी बोलून दाखविली. परंतु तोवर इतर अनेक उपदेशकांनी तीच वाट धरली होती. 1979 साली 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना निघाली, आणि तेव्हापासून धर्मोपदेशकाचा आशीर्वाद हे तिथल्या निवडणुकीतील एक चलन होऊन बसले. दुसऱ्या पक्षाचे उमेदवारही रविवारी कृष्णवर्णीयांच्या चर्चांतून हजेरी लावण्यास चुकत नाहीत. दोष एकाच पक्षाचा नाही.

याने धर्म वाढला काय? प्यू या संशोधनसंस्थेच्या पाहणीप्रमाणे 2007 साली त्या देशातील शेकडा 78 प्रौढ स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत. 2023-24 च्या पाहणीत हे प्रमाण शेकडा 62 वर आले. अशा घसरणीस अनेक कारणे असतात. परंतु सत्तेच्या सान्निध्याने ती थांबली नाही, एवढे निश्चित.

सप्टेंबर 2025 मध्ये चार्ली कर्क या तरुण राजकीय प्रचारकाची हत्या झाली. अॅरिझोनातील भव्य क्रीडांगणात झालेल्या शोकसभेत त्याच्या विधवा पत्नीने आपल्या पतीच्या मारेकऱ्यास क्षमा केल्याचे सांगितले. त्यानंतर त्याच व्यासपीठावरून राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांनी आपण विरोधकांचा द्वेष करतो असे बोलून दाखविले. एकाच सभेत धर्म कोणता आणि राजकारण कोणते, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

याउलट फेब्रुवारी 2023 मध्ये केंटकी राज्यातील विल्मोर या लहानशा गावी अॅस्बरी विद्यापीठात एक नेहमीची प्रार्थना संपेचना. विद्यार्थी उठेनात, सुमारे दोन आठवडे प्रार्थना चालू राहिली आणि हजारो लोक तेथे लोटले. नामवंतांस व्यासपीठ द्यावयाचे नाही, असा चालकांनी कटाक्ष ठेवला. त्या जागरणाचे फळ काय, ते काळ ठरवील. परंतु फलक न लावताही माणसे येतात, एवढे त्यातून दिसले.

आता आपल्या अंगणाकडे वळू. वारीत सर्व जातींचे लोक चालत. पण पंढरीच्या मंदिराचे दार अस्पृश्यांस बंद होते. ते उघडावे म्हणून मे 1947 मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण केले, आणि दार उघडले. गुरुजींपाशी सत्ता नव्हती. त्यांचा सनातनी विरोधक बहुधा आमच्याच घरांतला होता, हेही प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

कोणी म्हणेल, राजाश्रय सर्वथा वाईट काय? बारामतीच्या नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत कऱ्हेकाठी राहिलेच की! खरे आहे. परंतु पंतांची 'केकावली' देवास उद्देशून आहे, नाईकांस उद्देशून नव्हे. आश्रय घेऊनही हाक कोणास मारावयाची, हे पंतांस ठाऊक होते. आणि तुकोबांनी तर शिवरायांनी पाठविलेला नजराणा परत केला, असे परंपरा सांगते.

म्हणून आमची एक लहानशी सूचना आहे. पुढील आषाढवारीत पालखीच्या वाटेवरील घरांनी आपल्या ओट्यावर आणि भिंतीवर कोणाचाही फलक लावू देऊ नये, मग तो पुढारी आपल्या नात्यातला का असेना. पाण्याचा हंडा, भाकरीची चळत आणि थकलेल्या पायांस तेल, एवढे पुरे. नकार देणे अवघड जाईल. पुढारी रुसेल, कदाचित एखादे कामही अडेल. त्या स्नेह्यांच्या सोप्यात आम्ही हे बोललो तेव्हा आजोबा क्षणभर गप्प राहिले, मग नातवास म्हणाले, "बाहेरच्या खांबास बांधलेला तो फलक उद्या उतरव. आपल्याच भाच्याचा आहे. त्याला मी सांगेन."