गुरुवारची पालकसभा

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आम्हा शिक्षकांसाठी एक दिवसाचे शिबिर झाले. विषय होता 'शिक्षकाचा सकारात्मक दृष्टिकोन'. व्याख्याते तरुण, उत्साही आणि गोड बोलणारे होते. रोज सकाळी आरशासमोर उभे राहून दोन मिनिटे स्वतःकडे पाहून हसावे, दिवसभरात 'नाही' हा शब्द वापरू नये, अडचणीला अडचण न म्हणता संधी म्हणावे, असे त्यांनी सांगितले. आम्ही शंभरएक जण निमूटपणे वहीत उतरवून घेत होतो. शिक्षकाला एकदा बाकावर बसवले की तो विद्यार्थ्याहून आज्ञाधारक होतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. नेमक्या त्याच वेळी सभागृहातले सगळे फोन एकदम वाजू लागले. कसलीशी माहिती चार वाजेपर्यंत ऑनलाइन भरून हवी होती. व्याख्याते म्हणाले, "ही बघा, संधी आली!" सगळे हसले. मीही हसले. परतताना आकुर्डी स्टेशनचा पूल चढत असताना मात्र मला त्या हसण्याचा राग आला.

राग व्याख्यात्यांचा नव्हता. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक होते असेही नाही. कपाळाला आठ्या घालून वर्गात शिरणारी बाई चाळीस मुलांचा दिवस खराब करते, हे मला ठाऊक आहे. कारण ती बाई काही वर्षे मी स्वतःच होते.

१९९२ साली डी.एड. करून मी आकुर्डीतल्या एका मराठी शाळेत लागले. तेव्हाची आकुर्डी म्हणजे कारखान्याच्या घड्याळावर चालणारे गाव होते. बजाजच्या फाटकातून पाळी सुटली की रस्त्यावर स्कूटर आणि सायकलींचा लोंढा येई आणि पाच मिनिटे रस्ता ओलांडणे अशक्य होई. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे वडील पाळीवर काम करणारे. ही गोष्ट मला माहीत होती, पण तिचा माझ्या शिकवण्याशी काही संबंध असेल असे मात्र वाटले नव्हते.

चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. अतिशय बडबड्या. शाळा दुपारची. बारा वाजता आत आला की जे तोंड सुरू व्हायचे ते साडेपाचला घंटा होईपर्यंत. आवाज मोठा, हसणे मोठे. मी ओरडायची, तो दोन मिनिटे थांबायचा. त्या वर्षी माझा पट पंचावन्नच्या वर होता. घरी धाकटी मुलगी आजारी, सासूबाई गावाकडून आलेल्या आणि तपासायच्या वह्यांचा ढीग तसाच. एके दिवशी गणिताच्या तासाला मी त्याच्या थोबाडीत मारली. तो रडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि वर्ग एकदम गप्प झाला. त्या शांततेचा मला क्षणभर आनंद झाला, हे इथे लिहिताना आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. भांडायला आली असेल म्हणून मी तयारीत होते. ती प्राधिकरणातल्या बंगल्यांतली कामे आटोपून तशीच आली होती. म्हणाली, "बाई, तुम्ही मारलं त्याचं काही नाही. पण त्याचं काय होतं, हे रात्रपाळी करून सकाळी येतात आन् झोपतात. खोली एकच. मग पोरांना म्हणावं लागतं, आवाज करायचा नाही. सकाळपासून तोंड बंदच असतं हो त्याचं."

मला काही बोलता आले नाही. ज्या मुलाला सबंध आकुर्डीत मोठ्याने बोलायला एकच जागा होती, त्या जागेवर मी त्याला मारले होते.

पुढे महिन्याभरातच माझा आवाज गेला. डॉक्टरांनी सांगितले, ओरडून ओरडून स्वरयंत्राला सूज आली आहे, आठ दिवस एक शब्दही बोलायचा नाही. शिक्षकांच्या घशाचे हे दुखणे जुने आहे. रजा शिल्लक नव्हती. मी फळ्यावर लिहायचे आणि त्याच मुलाला उभे करून मोठ्याने वाचायला लावायचे. आठ दिवस तोच माझा आवाज झाला. वर्ग माझ्यापेक्षा त्याचे जास्त ऐकत असे, हे कबूल केले पाहिजे!

या घटनेनंतर मी एक साधी गोष्ट केली. आमच्या पालकसभा शनिवारी दुपारी होत. त्याला यायच्या फक्त आया, त्याही थोड्या. बापांना मुलांच्या शिक्षणाची फिकीर नाही, असा आमच्या स्टाफरूमचा ठाम निष्कर्ष होता. वास्तविक या औद्योगिक पट्ट्यातील बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नव्हे. म्हणजे बाप घरी तेव्हा पोरगा शाळेत, आणि पोरगा घरी तेव्हा बाप कामावर. एका घरातली माणसे आठवडाभर एकमेकांना चुकवत राहतात. आम्ही मात्र पुण्यातल्या शाळांसारखे शनिवार धरून बसलो होतो. मुख्याध्यापकांकडे हट्ट धरला. वेळापत्रकात बसत नाही, असे ते दोनदा म्हणाले, तिसऱ्यांदा हो म्हणाले. गुरुवारी संध्याकाळी सहाला पहिली सभा झाली. भांग पाडून, इस्त्रीचे कपडे घालून बाप आले. एक जण मुलाच्या बाकावर जेमतेम मावत बसला आणि म्हणाला, "हा इथं बसतो होय!"

त्या संध्याकाळी मी हसत घरी गेले. आरशाची गरज पडली नाही.

माणूस कामाने करपतो, या गोष्टीला इंग्रजीत 'बर्नआउट' असा शब्द १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने रूढ केला. न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात जीव ओतून काम करणारे स्वयंसेवक काही महिन्यांत कोरडे पडतात, हे त्याने पाहिले होते. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन लक्षणे मांडली: थकवा, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयीच तुसडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. यातले मधले लक्षण मला सर्वांत भयंकर वाटते. थकलेला शिक्षक झोपून उठला की बरा होतो. पण मुले मुले न वाटता 'पट' वाटू लागली, की तो आतून करपायला लागला असे समजावे. दूध वरून पांढरेच दिसते, तळ लागलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याची नोंद केली तीही आजार म्हणून नव्हे. दीर्घकाळ नीट न हाताळल्या गेलेल्या कामाच्या ठिकाणच्या ताणाचा परिणाम म्हणून. आमच्या शिबिरात नेमके हेच 'कामाच्या ठिकाणचे' हे शब्द गळाले होते. जणू काही आच कमी करायची नाही, दुधानेच धीर धरायचा!

आणि आच वाढते आहे. २००७ साली बजाजने आकुर्डीतले उत्पादन थांबवले. २०२२ पासून तिथे विजेवरची चेतक बनू लागली. पण मधल्या पंधरा वर्षांत इथला कामगारच बदलून गेला. पूर्वीचा बाप कायम नोकरीतला, हप्त्याने स्कूटर घेणारा, प्राधिकरणात घराचे स्वप्न पाहणारा. त्याची मुले इंग्रजी शाळेत गेली, नातवंडे तर गेलीच गेली. आता आमच्याकडे येतात ती बीड, नांदेड, यवतमाळकडून आलेल्या, काही बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कंत्राटी कामगारांची मुले. बाप आज चाकणला, उद्या तळेगावला. ठेका संपला की खोली बदलते आणि खोली बदलली की शाळा. जूनमध्ये अक्षर न ओळखणारी मुलगी दिवाळीपर्यंत वाचू लागते, आणि सुट्टीनंतर तिची जागा रिकामी असते. तिने निरोपही घेतलेला नसतो. हे दुःख कोणत्याही तक्त्यात भरता येत नाही. तक्त्यात फक्त पट कमी झालेला दिसतो, आणि पट कमी झाला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. म्हणून मराठी शाळांचे शिक्षक मे महिन्याच्या उन्हात दारोदार मुले मागत हिंडतात. त्यांनी कोणत्या तोंडाने सकारात्मक राहायचे?

कायदा शिक्षकाच्या बाजूने नाही असे मात्र नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अन्य अशैक्षणिक कामाला लावू नये. त्याच कायद्याच्या अनुसूचीत आठवड्याचे ४५ तास सांगितले आहेत आणि तयारीचा वेळ त्यांतच धरला आहे. तयारीचा वेळ! हे शब्द मी प्रथम वाचले तेव्हा कोणी तरी आपल्याला पाहिले आहे असे वाटले होते. प्रत्यक्षात तो वेळ पोषण आहाराची नोंद, यूडायसची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि रात्री दहा वाजता गटावर येणारे 'तातडीचे' संदेश यांत जातो. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून जनगणना व्हायची आहे. जनगणनेबद्दल माझी तक्रार नाही, हे आवर्जून सांगते. २०११ साली मी ते काम केले, आणि एका खोलीत राहणारी सात माणसे कागदावर मांडताना मला माझा वर्ग जेवढा कळला तेवढा कोणत्याही प्रशिक्षणात कळला नव्हता. शिक्षकाला कामाचे ओझे होत नाही. निरर्थक कामाचे होते.

अशात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी लागेल. पाच वर्षांहून कमी अवधी असलेल्यांना नोकरीपुरती सूट आहे. मी त्या सूटवाल्यांत मोडते. माझ्या शेजारच्या वर्गावरची मैत्रीण मात्र मोडत नाही. तिची अठरा वर्षे नोकरी झाली आहे. सुरुवातीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढली. (प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजार व्हायला २०२३ साल उजाडावे लागले.) तिच्या हाताखालून गेलेली मुले आज अभियंते आहेत आणि ती दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून बालमानसशास्त्राचे पर्याय पाठ करते आहे.

शिक्षक पात्र असावा, याबद्दल दुमत नाही. माझ्या मुलीला शिकवणारा शिक्षक पात्रच असावा, असे मलाही वाटे. परंतु पात्रता अठरा वर्षांनी विचारायची, आणि विचारताना मधल्या अठरा वर्षांकडे पाहायचेच नाही, हे त्या मैत्रिणीला कसे पटवून द्यायचे? त्या आठवड्यात ती मला म्हणाली, "ताई, वर्गात उभी राहिले की वाटतं, आपण खोट्या आहोत." मास्लाकबाईंचे तिसरे लक्षण ते हेच.

मी तिला हसायला सांगितले नाही. आम्ही कामे वाटून घेतली. तिच्या वर्गाच्या आहाराच्या नोंदी मी करते. ती मला गणिताचे नवे प्रश्न समजावून सांगते, म्हणजे तिचा अभ्यास होतो आणि माझी करमणूक. रात्री नऊनंतर दोघींनीही गटावरचे संदेश पाहायचे नाहीत, असे ठरवले आहे. आकाश अजून कोसळलेले नाही. आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर निगडीच्या दुर्गा टेकडीवर जातो. पहिली दहा मिनिटे शाळेबद्दल भरपूर वाईट बोलायची परवानगी असते, पुढे नाही. हा नियम मोडतो, पण तो आहे.

सावित्रीबाईंची एक गोष्ट आम्ही दर ३ जानेवारीला मुलांना सांगतो. १८४८ नंतरच्या त्या पुण्यात शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण फेकत, म्हणून त्या बरोबर दुसरे लुगडे नेत आणि शाळेत पोचल्यावर बदलत. आम्ही ती सोशिकपणाची गोष्ट म्हणून सांगतो. मला अलीकडे ती व्यवस्थेची गोष्ट वाटू लागली आहे. त्या नुसत्या हसून पुढे गेल्या नाहीत. शेणाने माखलेल्या लुगड्यात दिवसभर शिकवता येत नाही हे त्यांनी ओळखले आणि दुसरे लुगडे जवळ ठेवले. आजच्या शिक्षिकेचे दुसरे लुगडे कोणते, हे शिबिरात कोणीतरी विचारायला हवे होते. मीच विचारायला हवे होते. पण मी वहीत उतरवून घेत होते.

जूनमध्ये पालखी तोंडावर आली की आकुर्डी वर्षातून एकदा कारखान्यांचे घड्याळ विसरते. देहूहून निघालेले तुकोबा इथल्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येतात. त्या गर्दीत दोन वर्षांपूर्वी एका उंच माणसाने हाक मारली, "बाई!" आजकाल सगळी मुले 'मॅडम' म्हणतात, त्यामुळे ही हाक जुन्या खात्यातली हे लगेच कळले. तोच तो बडबड्या. चाकणच्या एका कारखान्यात आहे, पाळीवरच. अर्धा तास एकटाच बोलत होता. मला कसे आहात विचारायचे तो विसरला. थोबाडीत मारल्याचे त्याला आठवते की नाही, हे मी विचारले नाही.

येत्या गुरुवारी पालकसभा आहे, सहा वाजता. मैत्रिणीचा परीक्षेचा वर्ग त्याच वेळी असतो, म्हणून तिच्या वर्गाचे पालकही माझ्याकडेच बसणार आहेत. बाके पुरणार नाहीत. शिपायाला सांगून बालवाडीतल्या सतरंज्या काढून ठेवायच्या आहेत.