स्वभावाला प्राण्याचे नाव

माणसाच्या स्वभावाचे वर्णन करावयाचे झाले की आपल्या भाषेला प्राण्यांवाचून चालत नाही. गरीब गाय, लबाड कोल्हा, भित्री भागूबाईच्या जोडीला भित्रा ससा, डूख धरणारा साप, सरड्यासारखा रंग बदलणारा माणूस. वर्गात गुरुजी ज्याला बैल म्हणतात, त्यालाच घरी आजी ‘माझा वाघ’ म्हणते, आणि दोघांचेही बोलणे आपल्याला कळते. इतपत ठीक आहे. बोलण्यातली ती चव आहे आणि ती काढून टाकावी असे कोणी म्हणणार नाही.

पण अलीकडे या बोलण्याला शास्त्राचा अंगरखा चढवला जाऊ लागला आहे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत माणसांचे चार प्रकार सांगतात : गरुड, पोपट, पारवा आणि घुबड. गरुड हुकूम सोडणारा, पोपट बोलका, पारवा सर्वांशी जमवून घेणारा आणि घुबड विचारी व काटेकोर. अमेरिकेतील अशाच एका पद्धतीत सिंह, पाणमांजर, कुत्रा व बीव्हर आहेत. प्रश्नावली भरा, आपला प्राणी शोधा, म्हणजे मित्राशी, भावंडांशी, पुढे जोडीदाराशी आपले का पटते व का पटत नाही ते उलगडेल, असे सांगण्यात येते. शिक्षकही हे ऐकून येतात आणि वर्गात वापरू लागतात.

या यादीतले घुबड पाहा. पाश्चात्त्यांकडे ते शहाणपणाचे चिन्ह आहे. आपल्याकडे कोणाला घुबड म्हणून पाहा, काय उत्तर मिळते ते! पक्षी एकच, तो दोन्हीकडे रात्री उंदीरच पकडतो. शहाणपण काय किंवा अपशकुन काय, दोन्ही आपणच त्याच्या अंगावर चढवलेले. मग ज्या गुणाचा पक्ष्याशी संबंध नाही, तो गुण पक्ष्याच्या नावाने माणसाला चिकटवून माणसाविषयी कोणते ज्ञान मिळाले?

हा प्रकार परदेशातून आला असेही समजू नये. आपल्या पंचांगात त्याचा याहून जुना आणि अधिक बारकाईने बांधलेला तक्ता आहे. लग्न जमवताना पत्रिकांचे गुणमेलन करतात. त्यातील एकूण ३६ गुणांपैकी ४ गुण ‘योनी’चे असतात. प्रत्येक जन्मनक्षत्राला एक प्राणी दिलेला आहे. अश्व, गज, मेष, सर्प, श्वान, मार्जार, मूषक, गौ, महिष, व्याघ्र, मृग, वानर, नकुल आणि सिंह असे हे चौदा प्राणी. अश्विनीचा घोडा, भरणीचा हत्ती, चित्रेचा वाघ. मग त्यांची वैरे सांगितली आहेत : गाय आणि वाघ, साप आणि मुंगूस, मांजर आणि उंदीर, हत्ती आणि सिंह, घोडा आणि रेडा. वधूवरांच्या योनी अशा वैराच्या निघाल्या की योनीचे चारही गुण गेले.

आता थोडे गणित करू. जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल ते जन्मनक्षत्र. चंद्र सुमारे २७.३ दिवसांत आकाशाची एक फेरी पूर्ण करतो आणि नक्षत्रे आहेत २७. म्हणजे एका नक्षत्रात तो साधारण एक दिवस असतो. याचा अर्थ असा की एका दिवसात जन्मलेल्या बहुतेक सर्व मुलांचा प्राणी एकच. भारतात रोज साठ हजारांच्या आसपास मुले जन्माला येतात. तेव्हा आज साठ हजार वाघ, तर उद्या साठ हजार रेडे! आणखी एक गंमत पाहा. आश्लेषा नक्षत्राचा प्राणी मांजर आणि त्याच्या लगतच्या मघा नक्षत्राचा उंदीर. चंद्र ही सीमा ओलांडत असताना एकाच प्रसूतिगृहात पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन मुले जन्मली, तर पहिले मांजर ठरेल आणि दुसरे उंदीर. आणि शेजारशेजारच्या पाळण्यांत झोपलेले हे दोन जीव जन्माचे वैरी ठरतील.

पत्रिकेवरून माणसाविषयी काही सांगता येते का, याची चाचणी महाराष्ट्रात झालेली आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील ४० पत्रिका देऊन कोणती कोणत्या मुलाची ते ओळखण्यास सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तर ४० पैकी २० बरोबर आली असती; ज्योतिषांची सरासरी १७ च्या आसपास आली. ही चाचणी योनीची नव्हती हे खरे. पण जी पत्रिका इतका मोठा फरक दाखवू शकत नाही, ती मांजर आणि उंदीर यांच्यातला फरक दाखवील यावर विश्वास कसा ठेवावा?

मग शिबिरातली प्रश्नावली तरी पत्रिकेपेक्षा बरी, असे कोणी म्हणेल. तेथे निदान माणसाला काही विचारतात. शिवाय अनेकांचा अनुभव असा की निकाल ‘अगदी तंतोतंत’ जुळतो. या तंतोतंत जुळण्याचीच परीक्षा बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांवर घेतली. त्याने त्यांच्याकडून एक चाचणी सोडवून घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हातात त्याच्या व्यक्तिमत्त्वाचे वर्णन ठेवले. ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्या, असे सांगितले. सरासरी ४.२६ आली. सर्वांना दिलेले वर्णन शब्दशः एकच होते, आणि त्यातली वाक्ये फोररने भविष्याच्या बाजारू पुस्तकातून उचलली होती! ‘वरून तुम्ही शिस्तीचे दिसता, पण आतून कधी कधी अस्वस्थ असता’ अशा धर्तीचे वाक्य कोणाला लागू पडणार नाही?

आता माझा मुख्य आक्षेप सांगतो. मी भौतिकशास्त्राचा अध्यापक असल्यामुळे तो मला घर्षणाच्या धड्यात सापडतो. ‘रबराचा घर्षणगुणांक किती?’ असा प्रश्न परीक्षेत आला तर तो प्रश्नच चुकीचा आहे. घर्षणगुणांक एकट्या रबराचा नसतो. तो रबर आणि रस्ता या जोडीचा असतो. आणि रस्ता कोरडा आहे की ओला, त्यावर तेल सांडले आहे का, यावर तो बदलतो. वस्तुमान हा एकेका वस्तूचा गुण आहे, घर्षण हा दोन पृष्ठभागांमधला व्यवहार आहे. माणसाचे भांडखोर असणे, गप्प असणे, हुकूम सोडणे, नमते घेणे हे वस्तुमानासारखे आहे की घर्षणासारखे? उपजत स्वभाव म्हणून काही असते हे मी नाकारीत नाही. रबर आणि बर्फ यांत फरक आहेच. पण दोन माणसांच्या संबंधात जे घडते ते मोठ्या प्रमाणावर जोडीवर व परिस्थितीवर ठरते. ‘तो लांडगाच आहे’ असे म्हटले की समोरचा माणूस हिशेबातून वगळला जातो. आणि तो समोरचा माणूस बहुधा आपण स्वतःच असतो.

गंमत अशी की ज्या प्राण्यांची नावे आपण उसनी घेतो, तेही हेच सांगतात. कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचणार याचा क्रम ठरलेला असतो, हे नॉर्वेच्या शेल्डरुप-एब याने सुमारे शंभर वर्षांपूर्वी दाखवले. यावरून एखादी कोंबडी जात्याच ‘वरचढ’ असते असे वाटेल. २००२ साली अमेरिकेतील संशोधकांनी सिक्लिड जातीच्या माशांवर याची परीक्षा घेतली. चार-चार माशांचे गट करून त्यांच्यातला वरचढपणाचा क्रम टिपला, नंतर मासे काही काळ वेगळे ठेवले आणि पुन्हा तेच चार एकत्र सोडले. बहुतेक गटांत दुसऱ्या वेळी क्रम वेगळा लागला. मासे तेच, पाणी तेच, आणि तरी क्रम वेगळा!

लांडग्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल याने प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे निरीक्षण करून त्यांच्यातली वर्चस्वाची झुंज वर्णन केली. त्यातून कळपाच्या शिरजोर म्होरक्याची कल्पना पसरली, आणि ‘अल्फा’ पुरुषाच्या नावाखाली ती आज तरुण मुलांना मोठ्या उत्साहाने विकली जाते. डेव्हिड मेक या शास्त्रज्ञाने १९७० च्या आपल्या पुस्तकात ही कल्पना मांडली होती. पुढे त्याने कॅनडाच्या उत्तरेकडील एका बेटावर रानटी लांडग्यांचे अनेक उन्हाळे निरीक्षण केले आणि १९९९ साली लिहिले की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले. म्होरक्या म्हणजे बाप किंवा आई! झुंज दिसली होती ती एकमेकांना अनोळखी असलेले लांडगे कुंपणात कोंडल्यामुळे. म्हणजे जे लांडग्याचा स्वभाव म्हणून खपले, ते पिंजऱ्याचे वर्णन होते.

पाव्हलॉव्हचे नाव विद्यार्थ्यांना ठाऊक असते ते घंटा आणि लाळ यांमुळे. त्यानेही आपल्या कुत्र्यांचे स्वभावानुसार चार प्रकार पाडले होते. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला मोठा पूर आला, पिंजऱ्यांत पाणी शिरले आणि कुत्र्यांना बुडता बुडता बाहेर काढावे लागले. त्यानंतर काही कुत्रे शिकवलेले सारे विसरून गेले, त्यांचे वागणे पालटले. कुत्रा तोच, पण पुरापूर्वीचा आणि पुरानंतरचा यांत फरक पडला.

हे सारे आमच्या भागातल्या वर्गखोलीपर्यंत आणावयाचे कारण आहे. डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवरून, आश्रमशाळांतून आलेली मुले जेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात बसतात, तेव्हा त्यांतली पुष्कळशी महिनोन् महिने तोंड उघडत नाहीत. लगेच शिक्का बसतो : मेंढरू, हरिणी, मुकं जनावर. प्रगतिपुस्तकात तो ‘स्वभाव बुजरा’ अशा सभ्य शब्दांत उतरतो. हीच मुलगी प्रयोगशाळेत आपल्या पाड्यावरच्या मैत्रिणीसोबत व्हर्नियर कॅलिपर वापरताना वारली बोलीत तिच्याशी कडाडून वाद घालते, शून्यदोष कसा वजा करावयाचा ते तिला पटवून देते. जोडी बदलली, भाषा बदलली आणि घर्षण बदलले. शिक्का मात्र बदलत नाही. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला तो आयता मिळतो. मेंढराला कोणी प्रश्न विचारीत नाही, न विचारल्यामुळे ते उत्तर देत नाही, आणि शिक्का खरा ठरतो. शिबिरातला ‘पारवा’ याहून गोड शब्द आहे, पण काम तेच करतो.

याच मुलांच्या गावात वाघाशी नाते सांगणारी वेगळी रीत आहे. वारल्यांचा वाघोबा लाकडावर किंवा दगडावर कोरलेला असतो, बहुधा सूर्यचंद्रांसह. वाघबारशीला त्याची पूजा होते. तेथे कोणी कोणाला ‘तू वाघ स्वभावाचा’ असे सांगत नाही. वाघ हा शेजारी आहे, त्याच्याशी काही देणेघेणे आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी पाळावयाचे आहे, अशी ती समजूत. देव मानणे न मानणे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण संबंध दोघांमध्ये असतो एवढे त्या समजुतीला ठाऊक आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी जगभर नेलेली वारली चित्रे पाहा. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. नाक-डोळे नाहीत, स्वभाव दाखवणारा चेहराच नाही. कोण कोणाचा हात धरून नाचतो, कोण वाकून लावणी करतो, एवढेच दिसते, आणि तेवढ्यावरून सारे कळते.

पंचतंत्रात प्राण्यांचे स्वभाव ठरलेले आहेत ना, असे कोणी विचारील. तेथेही नीट पाहावे. पहिल्याच तंत्रात पिंगलक सिंह आणि संजीवक बैल जिवलग मित्र होतात. ती मैत्री मोडते ती सिंह सिंह असल्यामुळे नव्हे, तर दमनक नावाचा कोल्हा दोघांचेही कान भरतो म्हणून.

विज्ञानशिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. फोररचा प्रयोग वर्गात सहज होण्यासारखा आहे. दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घ्या. आठवड्याने प्रत्येकाला बंद पाकिटात ‘तुमचा प्राणी’ म्हणून एकच मजकूर द्या आणि पाचपैकी गुण मागा. सरासरी फळ्यावर मांडून झाली की पाकिटे शेजाऱ्याशी बदलून वाचावयास सांगा. त्यात कोणाला लागेल असे काही लिहू नका, आणि खरा प्रकार त्याच तासाला सांगून टाका.

विद्यार्थ्यांसाठी दुसरा प्रयोग आहे, तो वहीत करावयाचा. ज्याच्याशी आपले पटत नाही असा एक माणूस निवडा आणि पंधरा दिवस नोंद ठेवा. चार रकाने पुरेत : वेळ, जागा, आणखी कोण हजर होते, आणि त्याच्या वागण्याआधी आपण काय बोललो. चौथा रकाना बहुतेकांचा पहिल्या दोन दिवसांत कोरा राहतो. तो कोरा राहिला तर त्या दिवसाची नोंद बाद धरावी.