याला तलाव म्हणू नका

गेल्या वर्षी चैत्रात पुण्याहून चार सायकलस्वार माझ्या घरी आले. चौघेही चांगल्या हुद्द्यावरचे, सुशिक्षित, बोलायला गोड. त्यांच्या सायकली माझ्या ओसरीला टेकल्या तेव्हा आळीतली पोरे भोवती गोळा झाली. एकेका सायकलीची किंमत ऐकून आमच्या दूधवाल्याने हातातली किटली खाली ठेवली आणि तो नुसताच हसला.

त्यांचे काम असे होते. पौडावरून दोन रस्ते फुटतात. एक सरळ मुळशीकडे आणि पुढे ताम्हिणीला जातो. दुसरा कोळवण, जवण, तिकोनापेठ करीत पवनेच्या पाण्यावर उतरतो आणि कामशेतला निघतो. हे दोन्ही रस्ते सायकलने हिंडणाऱ्यांसाठी एका पुस्तिकेत मांडायचे होते. चढ कुठे, उतार कुठे, चहा कुठे मिळतो, पंक्चर कोण काढतो, हे सारे त्यांनी मेहनतीने टिपून आणले होते. 'ऐतिहासिक स्थळे' हे प्रकरण मात्र कुणा जाणत्याकडून लिहून हवे होते. मी या बाजूला वीस वर्षे मास्तरकी करतो, दोनतीन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत, आणि शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे असल्यामुळे मानधनाचा आग्रह धरणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा. तो बरोबर होता.

मी आठ पाने लिहून दिली. पावसाळा संपता संपता पुस्तिका छापून आली. कागद गुळगुळीत, छायाचित्रे सुरेख. लोहगड होता, तिकोना होता, तुंग होता, बेडशाची लेणी होती. नव्हती ती फक्त तीन वाक्ये. ती अशी: 'ज्या पाण्याच्या काठाने आपण चाललो आहोत ते तळे नाही, धरण आहे. मुळशीच्या पाण्याखाली मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यांतली गावे आहेत, आणि ती वाचावीत म्हणून १९२१ साली येथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. क्षणभर सायकल थांबवून पाण्याकडे पाहावे.'

मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "मास्तर, लोक रविवारी येतात ते मन हलके करायला. उगाच जड कशाला करायचे?"

बोलणारा इतका सौजन्याने बोलला की मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला नंतर लाज वाटली.

वाचकांचा गैरसमज नको. सायकलीशी माझे भांडण नाही. माझी स्वतःची काळी चोवीस इंची सायकल आहे. तिची साखळी पिरंगुटच्या घाटात नेमकी चढावर उतरते आणि माझे हात दिवसभर काळे ठेवते. तरीही मी म्हणतो की हा मुलूख पाहावा तो सायकलीवरूनच. मोटारीतल्या माणसाला तिकोना एकदा खिडकीतून दिसतो आणि संपतो. सायकलवाल्याला तो कोळवणपासून भेटू लागतो. आधी नुसता सुळका, मग खांदा, मग तीन कोन, आणि जवणच्या पुढे दम लागल्यावर तो एकदम अंगावर येतो. भाताच्या खाचरांचा वास, ओढ्यावरचा गारवा, कुणाच्या तरी चुलीचा धूर, हे मोटारीला काय कळणार? पावसाळ्यात शनिवार-रविवारी ताम्हिणीच्या रस्त्यावर मोटारींची जी रांग लागते आणि तिच्यातून जो दंगा उतरतो, त्यापुढे हे सायकलवाले म्हणजे संतसज्जनच. २०२६ च्या जानेवारीत जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत भरली तेव्हा आमच्याकडे काहींनी नाके मुरडली, की परक्यांसाठी रस्ते तुळतुळीत होतात. मी त्यांच्यात नव्हतो. खड्डा कुणाच्याही निमित्ताने बुजो. त्याच रस्त्याने आमच्या मुली सायकलीवर शाळेला येतात.

माझे भांडण आहे ते त्या गाळलेल्या तीन वाक्यांसाठी. आणि 'तलाव' या शब्दासाठी.

आमच्या बाजूचे कुणीही माणूस मुळशीच्या पाण्याला तलाव म्हणत नाही. 'धरणावर गेलो', 'धरण भरलं', 'धरण उतरलं', असेच बोलतात. तलाव हा शब्द पुण्याहून आला, बंगल्यांच्या आणि विश्रामधामांच्या पाट्यांवर बसून. तलाव म्हटले की ते पाणी देवाने ठेवलेले वाटते. धरण म्हटले की कुणी अडवले, कुणासाठी अडवले, खाली काय होते, हे प्रश्न मागोमाग येतात. शब्द बदलला की प्रश्न गेले. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला ही लबाडी चटकन दिसते. मागे एकदा मुलांना घेऊन मी पाण्याच्या काठी गेलो होतो. सहावीतला एक मुलगा ऐन पाण्याकडे बोट करून म्हणाला, "गुरुजी, आमचं शेत तिथं आहे." मी सवयीने दुरुस्त केले, "होतं, म्हण." तो म्हणाला, "नाही गुरुजी, आहे. वर पाणी आहे." त्याच्या आजोबांनी ते शेत पाहिले नाही. मी दुरुस्ती मागे घेतली.

आता ते १९२१ साल. टाटा कंपनीला मुंबईसाठी वीज हवी होती. सह्याद्रीच्या पूर्वेला पडणारा पाऊस मुळशीला अडवायचा, बोगद्याने पश्चिमेकडे न्यायचा, घाटावरून कोकणात भिऱ्याला सोडायचा आणि त्या पडत्या पाण्यावर यंत्रे फिरवायची, अशी ती योजना. ती हुशारीची होती यात शंका नाही. जमीन सरकारने १८९४ च्या कायद्याने घेऊन कंपनीला द्यायची होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमी, या दिवशी मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबले. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव मिळाले ते येथे, या शेतकऱ्यांमध्ये. त्यांनी पुन्हापुन्हा तुरुंग पाहिला. अखेर आगगाडी अडविल्याच्या प्रकरणात सात वर्षांची सजा झाली आणि ते १९३१ साली सुटले. तोवर धरण झाले होते, गावे बुडाली होती. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर ग्रंथ लिहिला. त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावातच त्यांनी याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. जगातले पहिले! आणि 'ऐतिहासिक स्थळे' या मथळ्याखाली त्याला तीन ओळींची जागा नाही.

माझे हे चार मित्र रविवारी पहाटे जमतात कुठे, ठाऊक आहे? पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्यावर. तिथल्या एका कोपऱ्यावर चहा घेतात आणि मुळशीच्या दिशेने निघतात. ज्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावरून निघायचे, तो ज्या ठिकाणी सेनापती झाला त्या ठिकाणी पोहोचायचे, आणि वाटेत त्याचे नाव काढायचे नाही! हा पंचेचाळीस किलोमीटरांचा प्रवास त्यांनी कसा केला असेल याचे मला आश्चर्य वाटते.

कुणी म्हणेल, मास्तर, शंभर वर्षे होऊन गेली, किती दिवस उगाळायचे? याला उत्तर त्यांच्याच पुस्तिकेत आहे. त्यात पुरंदरचा तह आहे. १६६५ साली मिर्झा राजाच्या फौजांनी या मावळात गावे जाळली, तहात लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना द्यावे लागले, हे सारे मी लिहिले तसे छापले आहे, आणि त्याने कुणाच्या रविवारचे मन जड होत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी जळलेली गावे चालतात; शंभर वर्षांपूर्वी बुडालेली चालत नाहीत. का? कारण १६६५ चा शत्रू परका होता. १९२१ चा हिशेब मांडायला बसलो तर त्यात मुंबईचे दिवे येतात, आणि पुणेही येते. मावळातल्या पुष्कळ जमिनींचे कागद तेव्हा पुण्याच्या सावकारांच्या पेटीत होते. कसणाऱ्याला जमीन हवी होती, सावकाराला मोबदला वाढवून हवा होता. चळवळ त्या फटीत सापडली. हे व्होरांनी सविस्तर दाखवले आहे. म्हणून जुन्या किल्ल्यावर आपल्याला अभिमान वाटतो आणि या पाण्याजवळ अवघडल्यासारखे होते. अवघडू द्या की! माणूस सायकलीवर घाट चढून येतो तेव्हा त्याच्या पायांना थोडे दुखणे मान्य असते. मनालाच तेवढी गादी कशाला?

पवनेची गोष्ट निराळी नाही. ते धरण स्वातंत्र्यानंतरचे, आपले. वाघेश्वराचे जुने दगडी देऊळ त्याच्या पोटात आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर येते, लोक दर्शनाला जातात, आणि पावसाळ्यात ते पुन्हा बुडते. पुस्तिकेत या देवळाचे छायाचित्र आहे. खाली लिहिले आहे, 'निसर्गाचा चमत्कार'. यात निसर्गाचा काय संबंध? देऊळ बुडते ते दरवाजे बंद केल्यामुळे. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन माणसे मेली. ते ठिकाण या सायकलवाटेपासून लांब नाही. ते वाक्य मी लिहिलेच नव्हते. तेवढा मीही भित्रा.

बेडशाच्या लेण्याबद्दल मात्र पुस्तिकेत एक गोष्ट राहून गेली आहे, बहुधा संपादकांना तिचा अर्थ लागला नाही म्हणून. दोन हजार वर्षांचे ते लेणे. खांबांवर घोड्याहत्तींवर बसलेली जोडपी इतकी जिवंत आहेत की माझ्या मुली त्यांचे दागिने मोजत बसतात. आत एके काळी भित्तिचित्रे होती. एकोणिसाव्या शतकात मोठे साहेब लेणे पाहायला येत, म्हणून इथल्या अधिकाऱ्यांनी ते साफसूफ करून रंगवून घेतले, आणि त्या स्वच्छतेत चित्रांचा उरलासुरला गिलावा गेला, असे सांगतात. पाहुण्यांना प्रसन्न वाटावे एवढाच हेतू. त्या अधिकाऱ्यांच्या मनात पाप नव्हते. माझ्या चार मित्रांच्याही नाही.

जुलै २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला, महाराष्ट्रातल्या आणखी दहा किल्ल्यांसह आणि तमिळनाडूतल्या जिंजीसह. आनंद झाला, शाळेत आम्ही पेढे वाटले. आता या रस्त्यांवर पाट्या लागतील, पुस्तिका निघतील, सायकली वाढतील. वाढोत. आम्ही लोक पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय पाठवत नाही. पण पाट्या लिहिणारे हात कुणाचे असतील, आणि त्या पाट्यांवर पाण्याला काय म्हटले असेल, हे आत्ताच ठरते आहे.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघते आहे असे कळते. माझी तीन वाक्ये मी पुन्हा पाठवली आहेत, पोहोच नाही. दरम्यान दिवाळीच्या सुट्टीआधी मी सहावी-सातवीच्या मुलांना एक काम दिले. घरी ज्या कुणाला आठवत असेल त्याला विचारून बुडालेल्या जागांची नावे आणायची. मला गावांची नावे येतील असे वाटले होते. मुलांनी शेतांची आणली. आंब्याचे खाचर, थोरले वावर, देवाची पट्टी, सासूचा तुकडा. एकाच्या पणजीच्या सासरची विहीर आली, एका पायवाटेचे नाव आले. दोन पाने भरली. ती मुलांच्याच अक्षरात उतरवून मुळशीच्या रस्त्यावरच्या एका चहावाल्याकडे, भज्यांच्या कढईपासून जरा लांब, भिंतीला चिकटवली.

चहावाला सांगतो की सायकलवाले चहा येईपर्यंत ती वाचतात. परवा एका तरुणाने शिरस्त्राण काढून विचारले, "हा सासूचा तुकडा कुठे आहे हो?" चहावाल्याने हातातल्या गाळणीने पाण्याच्या मधोमध दाखवले.