दिवा आता आरोपी नाही : ‘एक तास अंधार’ या व्रताविषयी काही कटू हिशेब

मार्चअखेरचा शनिवार जवळ आला की एक संदेश घरोघरच्या भ्रमणध्वनीवर फिरू लागतो : रात्री साडेआठ ते साडेनऊ दिवे मालवा आणि पृथ्वी वाचवा. जबलपूरच्या रिछाई औद्योगिक क्षेत्राच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मंडळींनाही तो येतो. तो पाठवणाऱ्यांच्या सद्हेतूविषयी मला यत्किंचितही शंका नाही. माझी तक्रार त्यांच्या अंकगणिताविषयी आहे, आणि त्याहूनही अधिक, त्या चुकीच्या अंकगणितापायी जी लोकशक्ती वाया जाते तिच्याविषयी आहे.

या प्रथेचा इतिहास फार जुना नाही. ३१ मार्च २००७ रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराने पहिला ‘अर्थ अवर’ पाळला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला मुंबईत ‘बत्ती बंद’ नावाची मोहीम झाली. संध्याकाळी साडेसात ते साडेआठ या वेळेत नागरिकांनी स्वेच्छेने दिवे मालवावेत असे आवाहन होते. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना त्यातील विसंगतीही आठवत असेल. मुंबई एक तास हौसेने अंधारात बसत होती, आणि उर्वरित महाराष्ट्रातील असंख्य गावे भारनियमनापायी रोज कित्येक तास सक्तीने अंधारात बसत होती. त्या गावांतील विद्यार्थ्याला अंधार हे पृथ्वीप्रेमाचे प्रतीक वाटले नसेल. उद्याच्या परीक्षेच्या आदल्या रात्री विझलेला दिवा एवढाच त्याच्यासाठी अंधाराचा अर्थ होता.

परंतु भावना बाजूला ठेवू आणि हिशेब मांडू. एका मध्यमवर्गीय घरात संध्याकाळी ९ वॅटचे सहा एलईडी दिवे लागलेले असतात असे धरा. एकूण भार ५४ वॅट. ते तासभर मालवले तर वाचणारी वीज ०.०५४ युनिट. आता त्याच घरातील ७५ वॅटचा एक जुना छतपंखा काढून त्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा बसवा. दिवसाचे बारा तास आणि वर्षाचे दोनशे दिवस तो फिरला तर वाचणारी वीज १०८ युनिट. भागाकार करून पाहा : १०८ भागिले ०.०५४ म्हणजे बरोबर २०००. एका पंख्याने एका वर्षात जे साधते, ते साधण्यासाठी या कुटुंबाला दरवर्षी न चुकता दोन हजार वर्षे दिवे मालवावे लागतील.

आणि दिवे मालवल्यावर आपण करतो काय? मेणबत्ती लावतो. एक साधी मेणबत्ती तासाला सुमारे ७ ग्रॅम मेण जाळते. हे मेण खनिज तेलापासून आलेले असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे तासाला वीसएक ग्रॅम. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या दराने ९ वॅटचा दिवा तासाला जेमतेम ६ ग्रॅमचा धनी. मेणबत्तीचा प्रकाश १२ ल्युमेनच्या घरातला, दिव्याचा आठशेच्या वर. साठ-सत्तर पट कमी प्रकाशासाठी तिप्पट उत्सर्जन करून आपण पर्यावरणदिन साजरा करतो!

यावर नेहमीचे उत्तर असते : “एका घराचे सोडा, सर्वांनी मिळून केले तर?” सर्वांनी मिळून केल्यास काय होते याचा प्रयोग या देशाने केलेला आहे. ५ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदीच्या काळात रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवण्याचे आवाहन झाले. हेतू ऊर्जाबचतीचा नव्हता, एकजुटीचा होता. तरीही ऊर्जाशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठी प्रयोगशाळा मिळणार नाही. रात्री पावणेनऊच्या सुमारास देशाची विजेची मागणी १ लाख १७ हजार मेगावॅट होती. ९ वाजून ९ मिनिटांनी ती ८५ हजार ८०० मेगावॅटपर्यंत उतरली. घट ३१ हजार मेगावॅटहून अधिक, म्हणजे आधी वर्तवलेल्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त.

ग्रीडमध्ये वीज साठून राहत नाही. क्षणोक्षणी जेवढी मागणी तेवढीच निर्मिती ठेवावी लागते, आणि हा तोल ५० हर्ट्झ या वारंवारतेच्या रूपाने दिसतो. मागणी अचानक कोसळली की वारंवारता चढते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतासह देशाचा मोठा भाग अंधारात गेला, त्याची सुरुवात आमच्याच मध्य प्रदेशातील बिना-ग्वाल्हेर वाहिनीपासून झाली होती. तोल ढळला म्हणजे काय होते हे या राज्याला सांगावे लागत नाही. म्हणूनच महाराष्ट्राच्या तत्कालीन ऊर्जामंत्र्यांनी त्या एप्रिलमध्ये जाहीरपणे काळजी व्यक्त केली. प्रत्यक्षात ग्रीड टिकले, वारंवारता ४९.७ ते ५०.२६ हर्ट्झच्या दरम्यान राहिली. हे श्रेय भार प्रेषण केंद्रांतील अभियंत्यांचे आणि जलविद्युत केंद्रांचे. पाण्यावरचा संच मिनिटांत कमी-जास्त करता येतो. त्या रात्री जलविद्युत निर्मिती १७ हजार मेगावॅटहून अधिक उतरवली गेली आणि लगेच पुन्हा चढवली गेली. कोळशाच्या संचाचे तसे नसते. त्याचा बॉयलर घरातल्या दिव्यासारखा तासाभरापुरता विझवता येत नाही. तो मंद भारावर धुमसत ठेवावा लागतो आणि मंद भारावर त्याची कार्यक्षमता घसरते. म्हणून मालवलेल्या प्रत्येक दिव्याच्या प्रमाणात कोळसा वाचतो हे गृहीतकही कच्चे आहे.

आता वाचलेली ऊर्जा मोजू, तीही अतिशय उदारपणे. ३१ हजार मेगावॅटची घट पूर्ण वीस मिनिटे टिकली असे माना. बचत होते सुमारे १ कोटी युनिट. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण त्या दिवसाची सरासरी मागणी १ लाख मेगावॅट धरली तरी दिवसाचा वापर २४० कोटी युनिट होतो. एवढ्या मोठ्या देशाने एकदिलाने केलेल्या कृतीचे फळ एका दिवसाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी!

मात्र याच प्रयोगाने दुसरी एक गोष्ट सिद्ध केली, आणि माझ्या प्रतिपादनाचा गाभा तीच आहे. कोट्यवधी माणसे एका हाकेसरशी उठून भिंतीवरच्या बटणापर्यंत गेली. ही तयारी राष्ट्राची मोठी संपत्ती आहे, आणि ती आपण अशा बटणावर खर्च करतो ज्यामागे आता फारशी बचत उरलेलीच नाही. ६० वॅटच्या तापत्या बल्बच्या काळात दिवा खरोखर आरोपी होता. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेने कोट्यवधी एलईडी दिवे घरोघरी पोहोचवले. घाऊक खरेदीत त्यांची किंमत ३१० रुपयांवरून ३८ रुपयांवर आली. ते काम कोणत्याही अंधाराने केले नाही. मानकांनी, निविदांनी आणि बाजारातल्या चांगल्या वस्तूने केले. दिव्याची लढाई बऱ्याच अंशी जिंकली गेली आहे, आणि आपण अजून त्याच रणांगणावर शंख फुंकत आहोत.

“प्रतीकांनाही मोल असते,” असे कोणी म्हणेल. असतेच. दांडीच्या किनाऱ्यावर उचललेले मूठभर मीठ हे प्रतीकच होते. पण ते मीठ उचलणे हाच त्या अन्यायी कायद्याचा भंग होता. प्रतीक आणि कृती यांच्यात अंतर नव्हते. ‘एक तास अंधार’ या प्रतीकाचे बोट मात्र भलतीकडे आहे. ते दिव्याकडे दाखवते आणि तेवढ्यात वातानुकूलक, पंखा, पंप, मोटार व कॉम्प्रेसर निसटून जातात. शिवाय साडेनऊ वाजता दिवे लागतात तेव्हा मनात कर्तव्यपूर्तीचे समाधानही उजळते, आणि पुढचे ३६४ दिवस कोणी हिशेब विचारत नाही.

रिछाईसारख्या औद्योगिक क्षेत्राच्या दृष्टीने हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. कोणत्याही कारखान्यातील दाबयुक्त हवेची नळी घ्या. तिला ३ मिलिमीटरचे, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असे एक छिद्र पडले, तर ७ बार दाबाला त्यातून सुटणारी हवा भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सुमारे ३ किलोवॅट वीज खातो. दिवसाची आठ तासांची एक पाळी आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर ७२०० युनिट. वरच्या हिशेबातील घरांनी हे नुकसान तासभर दिवे मालवून भरून काढायचे ठरवले, तर १ लाख ३३ हजार घरे लागतील. एका छिद्रासाठी एक शहर अंधारात! आणि ते छिद्र बुजवायला लागतो एक सील, एक पाना आणि अर्धा तास.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. हा तास रद्द करू नका, त्याचे काम बदला. विद्यार्थी मित्रहो, त्या रात्री दहा मिनिटांपुरते घरातले सर्व बंद करा, टीव्ही, चार्जर, सेटटॉप बॉक्स, राउटर, सगळेच आपापल्या बटणावरून. फ्रिजही तेवढी दहा मिनिटे थांबेल. मग मीटरवरचा लुकलुकणारा तांबडा ठिपका पाहा. मीटरवर ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ असे लिहिले असेल, तर ११२५ या संख्येला दोन लुकलुकींमधील सेकंदांनी भागा. उत्तर वॅटमध्ये मिळेल. आता एकेक उपकरण नुसते जोडून ठेवा, वापरू नका, आणि पुन्हा मोजा. पंचेचाळीस सेकंदांनी एक लुकलुक म्हणजे २५ वॅट. हा भार वर्षभर चालला तर २१९ युनिट होतात, आणि त्याच्या बदल्यात तुम्हाला काहीही मिळालेले नसते.

कारखानदारांनी सुटीच्या दिवशी हवेवर चालणारी सर्व यंत्रे बंद ठेवून कॉम्प्रेसर एकटाच चालवावा. तो दीड मिनिट लोडवर आणि सहा मिनिटे अनलोडवर चालला, तर साडेसातपैकी दीड, म्हणजे क्षमतेच्या वीस टक्के हवा गळत आहे. तो आकडा फळ्यावर लिहावा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मोजावा. पंखा घेताना तारांकन पाहावे. १ जानेवारी २०२३ पासून छतपंख्यांना ते सक्तीचे आहे. वातानुकूलकाचे तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, हेही ध्यानात असू द्यावे.

या सगळ्यात छायाचित्र काढण्याजोगे काहीच नाही, याची मला कल्पना आहे. मीटरसमोर घड्याळ घेऊन बसलेल्या मुलीचे चित्र उजळलेल्या आणि विझलेल्या शहराच्या चित्राएवढे देखणे नसेल. पण त्या मुलीच्या वहीत एक आकडा असेल, तो पुढच्या वर्षी ताडून पाहता येईल, आणि तो कमी झाला की नाही हे कोणत्याही घोषणेवाचून कळेल. येत्या शनिवारी दिवे खुशाल लावा. वही आणि पेन्सिल घेऊन मीटरखाली उभे राहा. आकडा वाचायला उजेड लागतोच.